अकरा ब्लॉक

उद्यमनगरात मगदूमांच्या पॅटर्न शॉपमध्ये
एक वर्कस्टेशन आहे, सत्त्याण्णवचं.
मूळ रंग जांभळा होता म्हणतात.
आता सागाचा भुसा, ग्रॅफाइट, बोटांचे ठसे.
एकोणीसच्या पुरात नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं
तेव्हा आण्णाप्पांनी आधी ते माळ्यावर चढवलं,
मग तिजोरी.

सोमवारी फोन आला.
"मशीन उठंना. नुसतं हूं हूं करतंय आन् गप."

मनगटाला पट्टा बांधून मी झाकण काढलं.
चार गिगाची स्कझी डिस्क, विटेएवढी जड,
पन्नास पिनांची पट्टी, एक जंपर गायब,
त्या जागी कुणीतरी तांब्याची तार वळवून बसवलेली.
तार सुबक होती. मी राहू दिली.

आण्णाप्पांनी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला,
एक टोक डिस्कवर, दुसरं कानाला,
कास्टिंगवर हातोडी मारून चीर ऐकतात
तसे डोळे मिटून.
"फिराय बघतंय बगा. कायतरी धरून ठेवलंय आतनं."

खरंच धरून ठेवलं होतं.
पंचवीस वर्षं अखंड फिरलेली तबकडी
लॉकडाऊनमध्ये चार महिने थांबली
आणि हेड तिला चिकटून बसलं.

डिस्क आडवी धरून मनगटानं झटका दिला,
बरणीचं झाकण उघडताना देतात तेवढाच.
दुसरा.
तिसऱ्याला आत काहीतरी सुटलं,
तळहाताला कळलं, कानाला नाही.

आता एकच खेप. बंद करायची नाही.
समोर टेबलफॅन लावला.
पलीकडच्या सिकंदरला सांगून आलो,
आज वेल्डिंग नको बाबा, फ्यूज उडाला तर सगळं गेलं.
तो म्हणाला, कुणाचं ऑपरेशन हाय का?

घड्याळाची बॅटरी कधीच मेलेली,
त्यामुळे मशीन जागं झालं ते
एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला.
"तवा मी शिकाऊ," आण्णाप्पा म्हणाले,
"दीड रुपाया रोज."

कॉपी सरकत राहिली, डिस्कवरून
नखाएवढ्या कार्डावर.
रात्री साडेनऊला अडली.
टक. टक. टक.
परगावचा माणूस पत्ता शोधताना
त्याच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा येतो, तशी.
मग पुढे गेली.

चौऱ्याऐंशी लाख ब्लॉक. अकरा आले नाहीत.
"लाख चौऱ्याऐंशी?" ते हसले.
"म्हंजे सगळ्या योनी फिरून आलं की."

अकरा ब्लॉक म्हणजे एक ड्रॉइंग.
पंपाचं केसिंग, फाइलीच्या नावात शेवटी व्ही. एम.
विजयमाला मॅडम, बेळगावला लग्न होऊन गेल्या.
"ती तारबी तिचीच आसंल," म्हणाले,
आणि शिडी लावून माळ्यावर चढले, पंच्याहत्तरीत,
मी नको म्हणेपर्यंत अर्ध्यावर.

खाली आले ते केसिंगचा लाकडी पॅटर्न घेऊन.
एका कडेला वाळवीनं नक्षी काढलेली.
मापं घेऊ लागले, त्यांच्या पट्टीनं.
मी माझी पट्टी शेजारी ठेवली. दोन्ही जुळेनात.
"आकसपट्टी हाय ही. लोखंड गार हुताना आकसतंय,
म्हणून आमचा फूट जरा लांब.
हितं चुकीचं मापलं, तरच वतल्यावर बरोबर येतंय."
वहीत आकडे लिहिले, शाईनं,
तारखेसकट, आजच्या.

कार्ड बसवलं. मशीन उठलं. पडदा उजळला.
ते वाकून ऐकत राहिले.
"चालू हाय?"
चालू आहे.
"मग आवाज?"

कार्डाला आवाज नसतो, हे सांगून झालं.
तेवीस वर्षं सकाळी कुलूप काढल्यावर
आधी ती घरघर, मग चहा.
त्यांनी काही मागितलं नाही. फक्त खुर्चीत बसले नाहीत.

जुनी डिस्क मी परत तिच्या खणात ठेवली,
पट्टी न जोडता, नुसती पॉवरची वायर.
ती फिरू लागली. आता तिला कुणी काही विचारणार नाही.
बेअरिंग जाईल दोनेक वर्षांत,
तेव्हाचं तेव्हा.

बिलात लिहिलं: एक कार्ड, एक अडॅप्टर,
एक घड्याळाची बॅटरी.
जंपर: शून्य रुपये.